चार ठोक्यांत न बसणारं गाव

मी जालन्यात गावं बसवते. हे वाक्य एकदा एका कार्यक्रमात शेजारी बसलेल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "पुनर्वसन खात्यात का?" तेव्हापासून मी "साऊंडचं काम करते" एवढंच सांगते. त्यावर लोक म्हणतात, "म्हणजे डीजे?" मग मी गप्प बसते. गप्प बसणं ही माझ्याकडची एकमेव उपजत कला आहे आणि नशिबानं धंदाही असा मिळाला की बोलायचं ते दुसऱ्यांनी, मी फक्त काचेच्या अलीकडून बघायचं.

माझ्या मामूंचं बाजारात कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. तेव्हा मामूंनी मागच्या गोदामाच्या भिंतींना गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकले, मध्ये एक जाड काच बसवली आणि बाहेर स्टुडिओची पाटी लावली. मामूंना गाण्यातलं सगळं कळतं आणि कॉम्प्युटरमधलं काहीच नाही. माझं बरोबर उलटं. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी उर्दू, आणि कामावर दिवसभर मराठी, तीही तालुक्यागणिक बदलणारी. रेकॉर्डिंगचा एक छोटा कोर्स छत्रपती संभाजीनगरला केला, तोही रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. म्हणजे घराबाहेर राहून घर आठवावं अशी वेळ माझ्यावर कधी आलीच नाही, आणि गेली काही वर्षं माझं पोट भरतं ते घराच्या आठवणीच्या एका गाण्यावर.

गाणं 'बोलवून राह्यलं' या नावानं आमच्याकडे ओळखलं जातं. पुण्याकडे कंपनीत रात्रपाळी करणारा एक मुलगा आहे. खोलीत माणसं जास्त आणि खिडकी एक. गावाहून आणलेली भाकरी वाळून गेली आहे, तरी तो ती टाकत नाही. मग धृपद येतं:

झोपेत माझं नाव घेऊन राह्यलं,
पिंपळगाव मला बोलवून राह्यलं.

कुठलं पिंपळगाव, ते गाणाऱ्यानं सांगितलं नाही. आपल्याकडे जरा फिरलं की एखादं पिंपळगाव लागतंच, त्यामुळे सगळ्यांना वाटलं हे आपलंच. ज्यांच्या जवळपास पिंपळगाव नव्हतं त्यांनी नाव बदलून गायला सुरुवात केली. मग बायकांचं आलं, कव्वालीवाल्या पार्टीचं आलं, लहान मुलांचं आलं. सर्वात वाईट म्हणजे डीजेवाल्यांचं आलं. वाळलेल्या भाकरीवर हात वर करून नाचणारी वरात मी या डोळ्यांनी पाहिली आहे. एक कव्हर, म्हणजे तेच गाणं आपल्या ढंगात, मीही केलं होतं. संथ, धुकट, मागे पावसाचा आवाज, पडद्यावर इंग्रजीत अर्थ. ते एकूण जितक्यांनी पाहिलं त्यातले बरेचसे मामूच होते, वेगवेगळ्या फोनवरून.

आता आमच्याकडे पद्धतच पडली आहे. हळद असो, सेवानिवृत्ती असो, कुणी नोकरीसाठी बाहेर निघालेला असो, घरचं माणूस येतं आणि आपल्या गावाचं नाव घालून हे गाणं भरून नेतं. बाहेरच्या वाचकांसाठी काम सोप्या शब्दांत सांगते. 'ट्रॅक' म्हणजे आवाज काढून उरलेलं वाजवणं. ते गिऱ्हाइकाच्या कानात हेडफोनमधून वाजतं आणि तो माईकसमोर त्यावर गातो. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर तोही गातो. नवरी असेल तर हातभर चुड्यावर टॉवेल गुंडाळायचा. पूर्ण गाणं झालं की मग गावाचं नाव तेवढं पुन्हापुन्हा गाऊन घ्यायचं, त्यातलं चांगलं निवडायचं आणि धृपदात चिकटवायचं. याला आम्ही 'गाव बसवणं' म्हणतो.

नावाला जागा आहे चार ठोक्यांची. पिं-पळ-गा-व. वडीगोद्री तर जणू या गाण्यासाठीच वसलेली: व-डी-गो-द्री. धावडा तीनच ठोक्यांत संपतो, म्हणून शेवटचा 'डा' ओढावा लागतो. धावड्याचे एक गृहस्थ ते ऐकून खूश झाले. म्हणाले, "बरं झालं, तेवढीच गावाची हद्द वाढली." एका कृषी सेवा केंद्रवाल्यांना गावाच्या जागी दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर हवा होता. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात मामूंनी तो नंबर गाऊन दाखवला. बसला. आठवणीनं व्याकूळ झालेला एक मोबाईल नंबर आजही कुठल्यातरी आठवडी बाजारात वाजत असेल.

अशा सगळ्या यशामुळे मला वाटायला लागलं होतं की मला या कामातलं कळतं. त्याच सुमारास साळवे गुरुजी आले.

गुरुजी म्हणजे अंतरवाली सराटीचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. पांढरा शर्ट, खिशाला पेन, केस तेल लावून मागे. तरुणपणी भीमजयंतीच्या गायन पार्टीत मुख्य गायक होते, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं. सोबत मुलगी होती, प्रतिभा, माझ्याच वयाची.

"गावात एक कार्यक्रम हाय," गुरुजी म्हणाले. "त्याच्यासाठी एक गाणं मारायचंय."

"कोणतं?" मामूंनी विचारलं.

"हेच, सगळे मारून राह्यले ते."

गुरुजी आत गेले, हेडफोन लावले, आणि हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं ओरडून मला म्हणाले, "मॅडम, आवाज यायलाय!" मी बटण दाबून त्यांच्या कानात "वन, टू, थ्री, फोर" म्हटलं, ट्रॅक वाजवून दाखवला. तेवढ्यात प्रतिभा माझ्या खुर्चीजवळ आली.

"ताई, कार्यक्रम-बिर्यक्रम काही न्हाई," ती हळूच म्हणाली. "माझ्या भावाला पाठवायचंय."

तिचा भाऊ राहुल चाकणला कंपनीत. गुरुजींच्या मनात त्यानं शिक्षक व्हावं असं होतं, त्यासाठीचं शिक्षण त्यानं अर्ध्यात सोडलं. तेही गुरुजींनी गिळलं असतं. पण एकदा गावातल्या चौकात, चहाच्या टपरीवर, कुणीतरी विचारलं की मुलगा काय करतो. गुरुजी हसून म्हणाले, "बोल्ट आवळतो." चार लोक हसले. राहुल टपरीच्या मागेच उभा होता. त्याला दोन वर्षं होऊन गेली. आईशी बोलतो, बहिणीशी बोलतो, अप्पांशी, म्हणजे गुरुजींशी, नाही. आता प्रतिभाचं लग्न ठरलं होतं आणि तो म्हणत होता, मी येणार नाही.

"अप्पा फोन करत नाहीत?" मी विचारलं.

"मेले तरी करणार न्हाईत. 'ये' असं तोंडातून निघतच न्हाई त्यांच्या. परवा मीच म्हणलं, अप्पा, बोलता येत न्हाई तर गाऊन तरी पाठवा. मला वाटलं चिडतील. तर म्हणे, स्टुडिओ कुठं हाय?"

हे मला लगेच समजलं. दुसऱ्यानं लिहिलेले शब्द असले की बोलल्याचा आरोप आपल्यावर येत नाही. मी शाळेत असताना आभारप्रदर्शनसुद्धा मैत्रिणीकडून लिहून घेतलं होतं.

गुरुजी गायला लागले आणि मामू बाहेरचं शटर अर्धं खाली ओढून आत आले. असं ते क्वचित करतात. आवाज वयानं जरा खरखरीत झालेला, पण सूर पक्का. भाकरीच्या ओळीला मी काचेतून बघणं बंद केलं आणि पडद्याकडे बघत राहिले, कारण माझा चेहरा गिऱ्हाइकाला दिसतो.

मग धृपद आलं आणि गाडी घसरली. अं-तर-वा-ली-स-रा-टी. चार ठोक्यांच्या जागेत सात. गुरुजींनी घाईनं म्हणून पाहिलं, तर नाव चेंगरलं. सावकाश म्हणून पाहिलं, तर ढोलकी पुढे निघून गेली आणि गुरुजी एकटेच मागे राहिले.

मी बटण दाबलं. "काका, फक्त अंतरवाली म्हणता का?"

"कोणती अंतरवाली?"

"तुमचीच."

"आमची सराटी. अंतरवाल्या लई हायेत, मॅडम. नुसतं म्हणलं तर पोरगं दुसरीकडंच जायचं."

"मग नुसतं 'गाव मला बोलवून राह्यलं'?"

"गाव काय, सगळ्यांलाच असतंय."

माझ्या पडद्यावर ठोक्यांच्या उभ्या रेघा असतात. त्या रेघांत जे बसतं ते बरोबर आणि बाहेर येतं ते चूक, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. मी विचार केला, आणि तो अतिशय हुशारीचा आहे असं मला वाटलं. अंतरवाली सराटीच्या शेजारी हायवेवर कोणतं गाव? वडीगोद्री. चार ठोके, जराही कुठे खुपत नाही. एसटीनं येणारा माणूस उतरतोही तिथेच.

"काका, वडीगोद्री म्हणूया. तांत्रिकदृष्ट्या ते योग्य होईल."

काचेपलीकडे गुरुजींनी हेडफोन काढून पुन्हा लावले. प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"तांत्रिकदृष्ट्या," गुरुजी शेवटी म्हणाले. आयुष्यभर वरून आलेली परिपत्रकं पाळलेल्या माणसाचा तो आवाज होता. "बरं. मॅडम सांगून राह्यल्या म्हंजे तसंच असंल."

एका दमात गायले. एकही जागा चुकली नाही. ते दोघं गेल्यावर मी मामूंना पडद्यावरच्या रेघा दाखवल्या, नाव कसं चपखल बसलं आहे ते.

"बेटा," मामू म्हणाले, "तू तो उनका गाँवच बदल दी."

"मामू, शेजारीच तर आहे."

"हौ. पड़ोसी का बाप भी पड़ोस में च रहता."

मी ते मनावर घेतलं नाही. मामूंना कॉम्प्युटरमधलं कळत नाही, हे मी वर सांगितलंच आहे.

प्रतिभानं गाणं भावाला पाठवलं. संध्याकाळी तिचा मेसेज आला: "ऐकलं त्यानं. काही बोलला न्हाई." दुसऱ्या दिवशीही काही नाही. त्या दिवशी मी जरा जास्तच वेळा फोन बघितला. लग्न जवळ आलं होतं आणि एका माणसानं दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, त्यावर समोरून काहीच नाही. मला वाटलं, गाण्यात प्रतिध्वनी कमी पडला.

मग स्टुडिओचा फोन वाजला. आमच्या प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला मामू स्वतःच्या आवाजात स्टुडिओचं नाव आणि नंबर सांगतात, हौसेची जाहिरात म्हणून. मामू जेवायला गेले होते. अनोळखी नंबर उचलायचा नाही हा माझा नियम आहे, पण दुकानाच्या फोनला सगळेच नंबर अनोळखी असतात. मी "हॅलो" म्हटलं.

"गावं बदलणाऱ्या मॅडम तुमीच का?"

"आपण कोण बोलताय?"

"राहुल साळवे. अंतरवाली सराटी. सराटी ध्यानात ठेवा. साळवे गुरुजींला वडीगोद्रीचं कुणी केलं?"

मी म्हटलं, "सर, ते मीटरमध्ये बसत नव्हतं."

"मंग मीटर मोठं करा!"

तो थांबेचना. "शाळेत पत्त्यात सराटी लिहायची राह्यली तर ह्या माणसानं मला, सख्ख्या पोराला, अख्ख्या वर्गासमोर उठाबशा काढायला लावलेल्या. तो माणूस वडीगोद्री म्हणून राह्यला? काय झालंय त्यांला? तब्येत बरी हाय ना? कुणी जबरदस्ती केली का?"

खरं तर त्या क्षणी मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. 'ते तुमच्यासाठी आले होते' असं काहीतरी. पण घाबरले की माझ्या तोंडून शाळेच्या ऑफिसातली मराठी निघते. मी म्हटलं, "ग्राहकाच्या संमतीशिवाय आम्ही ध्वनिमुद्रणात बदल करू शकत नाही. कृपया आपण त्यांच्याशीच संपर्क साधावा." आणि फोन ठेवला.

पुढचं प्रतिभानं सांगितलं. गुरुजी ओट्यावर बसले होते. फोन वाजला, नाव बघितलं, एकदा वाजून बंद होऊ दिला. दुसऱ्यांदा वाजल्यावर उचलला. हॅलो नाही, जय भीम नाही.

"अप्पा, वडीगोद्री?"

"मॅडमनं सांगितलं. ठोक्यात बसत न्हवतं."

"मॅडमला काय कळतंय?"

"काही कळत न्हाई. इंग्लिश मीडियम हाय. कानात वन टू थ्री मोजून राह्यली."

"मंग तुमी आइकलं कशाला?"

"मलाबी तेच वाटून राह्यलं दोन दिवस."

"आणि मग?" मी प्रतिभाला विचारलं.

"मंग काय, ताई. बराच वेळ बोलले. सगळं तुमच्यावरच."

"काय काय बोलले?"

"ते जाऊ द्या. तुम्हाला वाईट वाटंल."

एवढं मात्र तिनं सांगितलं की शेवटी राहुल म्हणाला, मी येतो, पण गाणं दुरुस्त झाल्याबिगर ते मांडवात वाजवायचं नाही. दोन वर्षं बोलायला विषय नव्हता, तो मी पुरवला होता. माझा अडाणीपणा या एकाच गोष्टीवर बाप-लेकांचं पहिल्यांदा एकमत झालं.

लग्नाच्या आधी दोघं स्टुडिओत आले. राहुल बापासारखाच उंच, केस मागे, खिशाला पेन नाही एवढाच फरक. एका बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी त्यांच्या नजरेला नजर न देता ट्रॅक कापला आणि प्रत्येक धृपदात ढोलकीचे चार ठोके वाढवले. मीटर मोठं झालं. एवढंच काम होतं. मामू मागे उभे राहून बघत होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

"आता कोण गाणार?" मी विचारलं.

"मी एकदा गायलो," गुरुजी म्हणाले. "आता त्यानं गावं. तसंबी गाणं बाहेर राह्यलेल्याचं हाय. मी काय, घरीच हाय."

राहुल आत गेला. सराटी मात्र त्यानं अशी ठणकावून म्हटली की आवाज मोजणारी सुई लाल रेघेला जाऊन टेकली. बाकीच्या गाण्याबद्दल काय लिहू? सूर त्याच्या आसपासही फिरकला नाही. गुरुजी माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आता म्हणतील, राहू द्या, लेकराचा आवाज आहे, जसा आहे तसा असू द्या. मी माऊसवरचा हात काढूनसुद्धा घेतला.

गुरुजींनी डोळे उघडले. "मॅडम, सूर सुधारायचं मशीन असतंय म्हंतेत तुमच्याकडं."

"आहे, काका."

"मंग लावा की. घरात कसंबी गावं माणसानं. मांडवात व्याही असतेत."

मी तो सूर ओळीओळीनं उचलून जागेवर ठेवला. माझ्या आजवरच्या कामातलं सर्वात कठीण काम ते, आणि सर्वात चांगलं.

लग्नाला मला बोलावणं होतं. जायचं नव्हतं, पण प्रतिभानं तीनदा फोन केला. ओळखीचं कुणी नसलं की मी कार्यक्रमात साऊंडवाल्याजवळ जाऊन उभी राहते. तिथे उभं राहायला कारण लागत नाही. बुद्धवंदना झाली, मंगल परिणय झाला, जेवणं सुरू झाली आणि गाणं लागलं. 'अंतरवाली सराटी मला बोलवून राह्यलं'. मांडवातली माणसं हातातला घास तसाच धरून ऐकायला लागली.

"हा राहुल्या गाऊन राह्यला?" एक जण म्हणाले. "ह्याला तर शाळेत प्रार्थनेला नुसतं तोंड हलव म्हणून सांगितलेलं!"

"मशीन हाय," गुरुजी वाढता वाढता म्हणाले.

राहुल पाण्याचा जग घेऊन मागेच होता. "मशीन काय गातंय का? गायलो मीच."

"गायलास. पण मी तिथं बसून आइकलंय."

"तुमी माझं कवा चांगलं म्हणलं?"

"चांगलं केल्यावर म्हणीन."

पंगतीतले लोक मान खाली घालून जेवायला लागले. राहुलनं जग खाली ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. लग्न, व्याही, सगळा गाव समोर, आणि हे सगळं माझ्या मशीनमुळे.

"टपरीवर चार लोकांत म्हणलात," राहुल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "म्हणायचंच होतं तर मला म्हणायचं होतं."

"मंग आता तुलाच म्हणून राह्यलो ना!" गुरुजी म्हणाले. "दोन वर्षं कुणाला म्हणू? भिंतीला? एक फोन न्हाई तुझा."

"तुमी केला?"

"मी बाप हाय."

"म्हणून नंबर लागत न्हवता का माझा?"

राहुलची आई मांडवाच्या खांबाजवळ उभी होती. मी घाईघाईनं त्यांच्याकडे गेले. "काकू, कुणीतरी मध्ये पडायला पाहिजे. व्याही ऐकतायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. गुरुजींच्या हातातला भाताचा डाव हवेत तसाच होता आणि राहुल बोटं मोजून काहीतरी सांगत होता. दोघांनीही एकमेकांवरची नजर काढली नव्हती.

"आइकू दे," काकू म्हणाल्या. "तू जेवलीस का, पोरी? न्हाई ना? बस मंग. दोन वर्षं घरात इतकं गपगार, ताट वाजलं तरी दचकायला व्हायचं."

मी साऊंडवाल्याकडे परत गेले आणि त्याला न विचारता गाण्याचा आवाज कमी केला.